क्रोएशियन शिकताय? मग आधी ते इंग्लिश बाजूला ठेवा

क्रोएशियाच्या राजधानीत, झाग्रेबला येऊन चौथा-पाचवा दिवस असेल. बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये एक आजी शिरल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या "दोबार दान", आणि मी आपली मुंबईच्या सवयीनं मोबाईलमध्ये डोकं घालून गप्प उभी. म्हटलं फोनवर बोलत असतील कुणाशी. तिसऱ्या मजल्यावर उतरताना परत म्हणाल्या, "दोविजेन्या". मी परत गप्प. नंतर शेजारच्या मुलीनं सांगितलं की अगं त्या तुझ्याशीच बोलत होत्या, इकडे लिफ्टमध्ये, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये, छोट्याशा दुकानात शिरलं की अनोळखी माणसांनाही दोबार दान, म्हणजे नमस्कार, म्हणतात, आणि उत्तर दिलं नाही तर समोरचा काही बोलत नाही पण मनात नोंद करतो. म्हणजे आठवडाभरातच मी मजल्यावरची शिष्ट बाई झाले होते!

मग बसले शिकायला. ॲप घेतलं, ॲप इंग्लिशमधून शिकवणार. प्रत्येक वाक्य आधी इंग्लिशमध्ये, मग क्रोएशियनमध्ये, आणि दर दोन वाक्यांनी एक नियम, की बाबा इथे आदरार्थी वेगळं असतं, इथे नामाला लिंग असतं, इथे 'मी आनंदी आहे' असं नाही तर उलटं बोलायचं. दोन महिने मी ते सगळं घोकलं आणि एक दिवस ट्यूब पेटली, अरे हे सगळं मला येतंच की. मराठीत मी हे जन्मापासून करतेय. इंग्लिशच्या दारातून शिरले म्हणून प्रत्येक गोष्ट अवघड वाटत होती. तर हा लेख त्यासाठी. कामानिमित्त इकडे येणारे आपले लोक वाढलेत, कुणाला नुसतं फिरायला यायचं असतं, आणि क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपियन देशांच्या गटात, असल्यामुळे त्याच व्हिसावर येताही येतं, तर त्यांना रोजची चार वाक्यं धड बोलता यावीत एवढंच.

आधी उच्चार, पटकन. लिपी रोमन आहे पण इंग्लिशसारखा गोंधळ नाही, ३० अक्षरं आणि लिहिलंय तसं वाचायचं, अगदी आपल्यासारखं. ही सोय १८३० मध्ये ल्युदेवित गाय नावाच्या माणसानं बसवायला घेतली (हो, आडनाव गाय. त्यांच्याकडे इंग्लिशच्या जे अक्षराचा उच्चार य होतो, म्हणून). त आणि द आपलेच, दातावर जीभ लावून म्हणायचे, इंग्लिशवाले तिथे ट-ड करतात आणि लगेच पकडले जातात. त्यांचं सी अक्षर म्हणजे आपला चमच्यातला, चोरातला च. चार किंवा चिंचेतला नाही, चमच्यातला. माझ्या दिल्लीच्या मैत्रिणीला हा उच्चार बसवायला फार वेळ लागला, आपल्याला तो फुकट मिळालाय. इंग्लिश 'टेलिव्हिजन'मधला तो मऊ झ मात्र आपल्याकडे नाही, तो मी इथे झ असाच लिहितेय, चालवून घ्या.

आणि एक गंमत, यांच्याकडे र हा स्वर असतो. कृक नावाचं मोठं बेट आहे, स्पेलिंगमध्ये के, आर, के, एवढीच अक्षरं, बाकी काही नाही. चौकाला तृग म्हणतात. शाळेत ऋ ला स्वर का म्हणतात ते मला कधी कळलं नव्हतं, कारण आपण त्याचा रु करून टाकलाय आणि हिंदीवाल्यांनी रि. इथे येऊन पहिल्यांदा ऐकला, जीभ नुसती थरथरवायची, पुढे उ नाही, इ नाही.

आता नमस्कार-चमत्कार. सकाळी दहापर्यंत म्हणा "दोब्रो युत्रो", नंतर दिवसभर "दोबार दान", अंधार पडायला लागला की "दोब्रा वेचेर". ॲप इथे सांगतं की 'चांगला' या शब्दाची तीन रूपं आहेत, पाठ करा. पाठ कशाला करायची? चांगला, चांगली, चांगलं. दान म्हणजे दिवस, तो पुल्लिंगी, म्हणून दोबार. वेचेर म्हणजे संध्याकाळ, ती स्त्रीलिंगी, म्हणून दोब्रा. युत्रो म्हणजे सकाळ, ती यांच्याकडे नपुंसकलिंगी आहे, म्हणून दोब्रो. वर सोय बघा, आ-कारान्त शब्द बहुतेक बायकी, ओ-कारान्त नपुंसक, व्यंजनानं संपणारे बहुतेक पुरुषी, आपल्यापेक्षा सरळ आहे. आपल्याकडे ढेकूण तो आणि झुरळ ते का, याला काही उत्तर आहे का?

फरक इतकाच की आपण 'शुभ सकाळ' तोंडानं म्हणत नाही. ते फक्त व्हॉट्सॲपवर, गुलाबाच्या फोटोखाली. इकडे खरंच म्हणतात, आणि रोज म्हणतात, कालच भेटलेल्या माणसालाही.

रात्री झोपताना "लाकु नोच". यात नोच म्हणजे रात्र आणि लाका म्हणजे हलकी. हलकी रात्र जावो! मला हे इतकं आवडलं ना. आणि शब्द बघा, संस्कृत लघु, त्याची अक्षरं उलटीपालटी होऊन आपलं हलकं, आणि त्यांचं लाका, तिन्ही एकाच घरातली भावंडं. मग लाका नोच का नाही, लाकु का? कारण 'तुला हलकी रात्र चिंतते' यातलं चिंतते गळून गेलं आणि उरलेल्या शब्दाला द्वितीया चिकटून राहिली. बस, एवढंच लक्षात ठेवा आणि पुढे चला.

ओळखीपाळखीत मात्र दोबार दान जरा जड वाटतं, तिथे "बोक". भेटतानाही बोक, निघतानाही बोक. समुद्राकडे गेलात, म्हणजे स्प्लित, झादार वगैरे दाल्मात्सियाचा भाग, की तिकडे "बोग" ऐकू येतं, शिवाय "चाओ" आणि "आदिओ", शेजारच्या इटलीची हवा. बोग म्हणजे देव. आपल्या रामरामसारखंच की, येताना रामराम जाताना रामराम, देव फक्त बदलला. हा बोग आणि आपल्या भगवानातला भग हे दोन्ही जुने नातेवाईक मानतात. पण सावध, "झ्बोगोम" असाही शब्द आहे, 'देवासोबत', तो कुणाला सहज बाय म्हणून टाकू नका. तो कायमचा निरोप. आपल्याकडे 'शेवटचा रामराम' म्हटल्यासारखं होतं. साधं निघायचं असेल तर दुकानात, ऑफिसात "दोविजेन्या", मित्रांत "विदिमो से", भेटूच, किंवा "चुयेमो से", म्हणजे शब्दशः 'ऐकू एकमेकांना', फोनवर बोलू. चुयेमो से म्हटलं म्हणजे फोन येईलच असं नाही हां. आपण 'एकदा निवांत भेटू' म्हणतो ना, तसंच.

आणि निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. हे लोक सरळ "इदेम" म्हणतात, जाते. सुरुवातीला माझ्या अंगावर काटा यायचा, सासूबाईंचा चेहरा डोळ्यासमोर यायचा. आता सवय झाली.

यानंतरचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, ति आणि वि. ति म्हणजे तू, वि म्हणजे तुम्ही. इंग्लिश पुस्तकं यावर आख्खा धडा खर्च करतात, आपल्याला एक ओळ पुरे, जिथे मराठीत तुम्ही म्हणाल तिथे वि. क्रियापदही आपल्यासारखंच अनेकवचनी होतं, "काको सि?" म्हणजे कसा आहेस किंवा कशी आहेस, "काको स्ते?" म्हणजे कसे आहात. पत्रात, ईमेलमध्ये हा वि मानानं कॅपिटल अक्षरात लिहितात. लहान मुलाला काको स्ते विचारलंत तर ते पोर हसेल. आणि शेजारच्या आजींना काको सि म्हणालात तर त्या हसणार नाहीत.

पण एका ठिकाणी आपलं गणित चुकतं. आपल्याकडे तुम्हीचं तू कधी होतं कुणी सांगत नाही, हळूहळू घसरत होतं, किंवा होतच नाही, माझी आई शेजारच्या काकूंना तीस वर्षं अहो-जाहो करतेय. इकडे ते रीतसर होतं. दोघांपैकी जो वयानं किंवा हुद्द्यानं मोठा तो विचारतो, "मोझेमो ना ति?", म्हणजे 'आपण ति वर येऊया का?', आणि त्यानंतर परत वि वर जायचं नाही, गेलात तर भांडण झालंय की काय वाटतं. धाकट्यानं आपण होऊन विचारायचं नसतं. मी एकदा विचारलं होतं, ऑफिसातल्या एका पन्नाशीच्या बाईंना, त्या 'हो हो' म्हणाल्या आणि पुढचे दोन आठवडे मला वि नंच हाक मारत होत्या. कळलं मला.

आता माझा सगळ्यात लाडका भाग. पहिल्यांदा ओळख झाली की हात मिळवतात, आपलं नाव सांगतात आणि म्हणतात "द्रागो मि ये". ॲप म्हणतं याचा अर्थ नाइस टू मीट यू, आणि घोका. पण शब्द शब्द सोडवून बघा. द्रागो म्हणजे आनंदाचं, मि म्हणजे मला, ये म्हणजे आहे. मला आनंद आहे! इंग्लिशमध्ये माणूस स्वतः थंड असतो, स्वतः कंटाळलेला असतो, स्वतः दिलगीर असतो. मराठीत थंडी, कंटाळा, वाईट वाटणं या सगळ्या गोष्टी बाहेरून येऊन आपल्याला लागतात. क्रोएशियनमध्येही थेट तसंच चालतं. "ह्लाद्नो मि ये", मला थंडी वाजतेय. "दोसाद्नो मि ये", मला कंटाळा आलाय. "झाओ मि ये", मला वाईट वाटतं. "स्विजा मि से झाग्रेब", मला झाग्रेब आवडतं. चतुर्थी, स-ला-ते-स-ला-ना-ते मधली ती ला. माझ्या क्लासमध्ये एक आयरिश मुलगा होता, बिचारा दर वेळी 'मी थंड आहे' म्हणायचा आणि बाई दर वेळी त्याला समजवायच्या की तू फ्रिजमधली वस्तू नाहीस. मी आपली मनात मराठीत म्हणायचे आणि शब्द बदलायचे, झालं. फक्त भूक तेवढी उलटी, तिथे 'मी भुकेली आहे' असंच म्हणतात, "ग्लाद्ना साम", पुरुष असेल तर "ग्लादान साम". बघा, इथेही बोलणारा बाई की बुवा ते कळतं, आपल्या 'दमलो' आणि 'दमले' सारखं. म्हणून पुस्तकातली पुरुषी वाक्यं बायकांनी तशीच्या तशी पाठ करू नयेत. मी तीन आठवडे "उमोरान साम", 'मी दमलो', म्हणत फिरत होते आणि कुणी टोकलं नाही, नुसते गालात हसायचे.

या मि वरून एक खड्डा सांगून ठेवते. मि म्हणजे मला, पण मि म्हणजे आम्हीसुद्धा. आणि मी म्हणजे "या". रोमनमध्ये जे आणि ए. त्यामुळे "या साम इझ इंदिये", मी भारतातली आहे, हे पहिल्यांदा ऐकलं की वाटतं कुणीतरी आपल्याला या, बसा म्हणतंय.

काको सि ला उत्तर काय द्यायचं? "दोब्रो, ह्वाला, आ ति?", म्हणजे बरी आहे, थँक्यू, आणि तू, हे पुस्तकी उत्तर, बरोबर आहे, द्या. पण लोक काय म्हणतात ते ऐका. "एवो, इदे", चाललंय. "नीये लोशे", वाईट नाही. आणि माझं आवडतं "गुरा से". गुरा से म्हणजे ढकललं जातंय! अहो आपलंच ना हे, 'काय ढकलतोय दिवस'. कसं काय चाललंय विचारल्यावर 'एकदम फर्स्टक्लास' म्हणणारा माणूस जसा आपल्याला जरा संशयास्पद वाटतो तसाच इथेही वाटतो, थोडं रडगाणं लावावंच लागतं, हवेवर, पगारावर, गुडघ्यावर. काको सि हा खरा प्रश्न असतो, ओळखीच्या माणसानं विचारला तर दोन-तीन वाक्यं बोलणं अपेक्षित असतं आणि मग तुम्हीही विचारायचं.

दुसरं एक, "दि सि?" याचा अर्थ 'कुठेयस?'. समोर उभा राहून माणूस विचारतो कुठेयस. मी पहिल्यांदा खरंच म्हटलं, इथे, स्टॉपवर! तो हसून हसून मेला. अगं ते 'आहेस कुठे, दिसत नाहीस हल्ली' आहे. उत्तर नुसतं "एवो मे", ही काय, आलेच.

आणि आता काय. म्हणजे शब्दशः 'काय'. क्रोएशियन बोलींची तीन कुळं आहेत आणि त्यांची नावं 'काय' या प्रश्नाला कोण काय म्हणतं यावरून पडलीत, विश्वास ठेवा. श्तो म्हणणारे श्तोकाव्स्की, चा म्हणणारे चाकाव्स्की, ते इस्त्रिया द्वीपकल्पात आणि बेटांवर, आणि झाग्रेबच्या बाजूचे काय्काव्स्की, कारण ते म्हणतात काय. उच्चार आपलाच, अर्थ आपलाच. प्रमाणभाषेत श्तो, पण झाग्रेबच्या रस्त्यावर "काय इमा?" म्हणजे काय आहे, काय विशेष. उत्तर "निश्ता पोसेब्नो", विशेष काही नाही. ट्रॅममध्ये पहिल्यांदा दोन पोरांचं बोलणं ऐकताना मला वाटलं कोणीतरी कोल्हापूरचं आहे, मागे वळूनसुद्धा बघितलं.

हा योगायोग नाही, म्हणजे सगळा नाही. प्रश्न विचारणारे त्यांचेही बरेच शब्द क नं सुरू होतात, काको म्हणजे कसं, कोलिको म्हणजे किती, आणि कादा म्हणजे कधी, संस्कृतमध्ये कदा! तेव्हा म्हणजे तादा, संस्कृत तदा. तीन म्हणजे त्रि. जुनं नातं आहे, लांबचं चुलत. हे नातं ज्या युरोपियन लोकांच्या लवकर लक्षात आलं त्यांच्यातला एक फिलिप वेझ्दिन, १७४८ मध्ये ऑस्ट्रियातल्या क्रोएशियन घरात जन्मलेला पाद्री. १७७६ ते १७८९ केरळात राहिला, संस्कृत शिकला आणि १७९० मध्ये रोममधून संस्कृतचं व्याकरण छापलं, युरोपात छापलेलं पहिलं. घरी क्रोएशियन ऐकलेल्या माणसाला संस्कृत ऐकताना काय काय ओळखीचं वाटलं असेल!

बरं, दुकानात जाऊ. आत शिरलात, दोबार दान झालं, काउंटरवरची बाई म्हणणार "इझ्वोलिते". डिक्शनरीत याचे पाच अर्थ दिलेत आणि पाचही वाचून काही कळत नाही. मराठीत एकच, 'बोला'. आपला वाणी म्हणतो ना, 'बोला ताई', तेच. मग ती सामान हातात देताना परत म्हणेल इझ्वोलिते, तेव्हा तो 'घ्या'. कुणी दार उघडून धरलं आणि इझ्वोलिते म्हटलं तर 'या'. घरी कॉफी समोर ठेवून म्हटलं तर 'घ्या ना, गार होतेय'. ति वाल्यांना "इझ्वोलि". एवढा एक शब्द ऐकू आला आणि कळला तरी अर्धं काम झालं.

"मोलिम" त्याचा भाऊ. मागताना मोलिम, म्हणजे प्लीज, "येदनु कावु, मोलिम", एक कॉफी द्या. कुणी ह्वाला म्हटलं की उत्तर मोलिम. ऐकू आलं नाही तर भुवया वर करून "मोलिम?", काय म्हणालात. फोन उचलल्यावर "मोलिम?", हॅलो. आणि कुणी काहीतरी थाप मारत असेल तर हात झटकून "मा मोलिम ते!", म्हणजे चल, काहीतरीच काय! सूर ऐकायचा, शब्द तोच. अडचण आली की "ओप्रोस्तिते", माफ करा, गर्दीतून वाट काढतानाही हेच, आणि मित्राला "ओप्रोस्ति".

ह्वाला म्हणजे थँक्यू. उच्चार ह्वा असा जोडून, हवाला नको, उगाच मुंबईच्या पोलिसांची आठवण येते. मूळ अर्थ स्तुती. गावाकडे म्हातारी माणसं, चर्चला जाणारी, अजून "ह्वाल्येन इसुस" म्हणून नमस्कार घालतात, येशूची स्तुती असो, आपल्या वारकऱ्यांच्या रामकृष्ण हरीसारखं, आणि त्यात हाच शब्द आहे.

इथे मात्र मराठी सवय आपल्याला खड्ड्यात घालते. आपल्याकडे धन्यवाद हा स्टेजवरचा शब्द, आभार म्हणजे कार्यक्रमाच्या शेवटचं आभारप्रदर्शन, त्याला सगळे उठून जातात. घरात कुणी पाण्याचा ग्लास दिला आणि आपण धन्यवाद म्हटलं तर आई विचारेल, बरं आहे ना तुला? आपण डोळ्यांनी, मानेनं आभार मानतो. इकडे मान चालत नाही, तोंड उघडावं लागतं, वेटरला, ड्रायव्हरला, पोस्टमनला, नवऱ्याला. आणि आपलं ते मान डुलवून हो म्हणणं तर अजिबात नको, समोरच्याला ते नाही वाटतं किंवा काहीच वाटत नाही. हो म्हणजे "दा", नाही म्हणजे "ने", म्हणून टाका. ह्वाला ला सुंदर उत्तर आहे "नेमा ना चेमु". नेमा म्हणजे नाही, आख्ख्याचा अर्थ साधारण 'अहो त्यात काय!'. आणि दुकानातून निघताना बाई म्हणणार "उगोदान दान", दिवस छान जावो, त्यावर "ह्वाला, ताकोजेर", तुमचाही. हा ताकोजेर तोंडात बसवून ठेवा, शुभेच्छा कसलीही असो, वीकएंडची, ईस्टरची, प्रवासाची, उत्तर तयार.

जर मला कुणी सांगितलं की एकच शब्द शिकव, तर मी "मोझे" शिकवेन. मोझे म्हणजे चालेल! हुबेहूब आपलं चालेल. "मोझे कावा?" कॉफी चालेल? "मोझे." चालेल. पाच वाजता मोझे? मोझे. कार्डनं पैसे मोझे? मोझे. इंग्लिशमध्ये याला धड शब्दच नाही, ओके म्हणतात पण ओकेमध्ये तो सैलपणा नाही. आणि मोझेची जुळी बहीण "आइदे", म्हणजे चल, चला, बरं, अरे जा, उठ आता, सगळं काही. आइदे म्हणत निघायचं, आइदे म्हणत थांबवायचं.

कॉफीबद्दल बोलावंच लागेल, कारण सगळ्या गोडगोड बोलण्याचा खरा उपयोग तिथेच आहे. "इदेमो ना कावु", कॉफीला जाऊया, याचा कॉफीशी फारसा संबंध नाही. एक छोटा कप घेऊन दीड-दोन तास बसतात, वेटर बिल घेऊन डोक्यावर उभा राहत नाही. शनिवारी सकाळी झाग्रेबच्या त्स्व्येत्नी तृग म्हणजे फुलांच्या चौकाच्या आसपास आख्खं गाव नटून बाहेरच्या खुर्च्यांवर बसलेलं असतं, त्याला श्पित्सा म्हणतात, कॉफी पिणं दुय्यम, कोण कुणाबरोबर आलंय ते बघणं मुख्य. आपल्या कट्ट्यासारखं, फक्त बूट पॉलिश केलेले. बिलावरून ओढाताण अगदी आपल्यासारखी, "या चास्तिम", माझ्याकडून, असं जो आधी म्हणेल तो जिंकला, पण मग पुढच्या वेळी तुमची पाळी हे न बोलता ठरलेलं असतं. साधारण असं चालतं:

"बोक! दि सि, नेमा ते!"
"एवो मे. काको सि?"
"मा, गुरा से. आ ति?"
"नीये लोशे. मोझे कावा?"
"मोझे, आलि या चास्तिम!"

म्हणजे, काय गं, आहेस कुठे, दिसतच नाहीस. ही काय आले. कशी आहेस. अगं ढकलतेय, तू? ठीक. कॉफी चालेल? चालेल, पण माझ्याकडून. एका वाक्याचंही इंग्लिश सरळ होत नाही आणि मराठी करायला मला विचारही करावा लागला नाही.

घरी बोलावलं तर आणखी थोडं. चपला-बूट दारात काढायचे, इथे आपण शहाणे, यजमान घरात घालायला "पापुचे" देतील. फुलं नेलीत तर विषम संख्येत, तीन, पाच, सात, कारण सम संख्येची फुलं मयताला. आणि शेवंती अजिबात नाही! आपण वेणीत माळतो, दसऱ्याला तोरणाला लावतो ती शेवंती इकडे १ नोव्हेंबरला, सगळ्या संतांच्या दिवशी, थडग्यांवर वाहतात. मी दुकानात पिवळीधमक शेवंती बघून खूश होऊन उचलली होती, दुकानदारीणबाईंनीच विचारलं, दफनभूमीत जाताय का. वाचले. ओळखीच्या घरात दोन्ही गालांना गाल लावून दोन पाप्या, दोनच, तीन सर्बियात. जेवायला बसताना "दोबार तेक", तुम्हाला भूक चांगली लागो, उत्तर परत ताकोजेर. ग्लास उचलताना "झिव्येलि", जिवंत राहा, त्यातला झिव म्हणजे आपला जीवच, आणि ग्लासला ग्लास लावताना डोळ्यात बघायचं, खाली बघितलंत तर टोकतात. शिंकलात तर "नाझ्द्राव्ल्ये", त्याला ह्वाला. आणि खिडकी आणि दार दोन्ही उघडी राहिली तर कोणीतरी म्हातारं माणूस ओरडेल, "प्रोपुह!", वाऱ्याचा झोत, मान आखडेल, कानात वारं जाईल. कानटोपी काढून देणारी माझी आजी मला तिथे भेटते.

एक जपायचं. सर्बियन, बोस्नियन आणि क्रोएशियन बोलणाऱ्यांना एकमेकांचं सहज कळतं, पण म्हणून कुणाला 'सगळं एकच ना' असं म्हणू नका. गोव्यात कोकणीला मराठीची बोली म्हणून बघा काय होतं, तसंच. युगोस्लाव्हिया १९९१ पासून फुटत गेला, युद्ध झालं, घरोघरी त्याच्या आठवणी आहेत. रोजच्या शब्दांतही फरक दिसतो, कॉफी इकडे कावा आणि सर्बियात काफा, ब्रेड इकडे क्रुह आणि तिकडे ह्लेब. 'झ्द्रावो' हा नमस्कार कळतो सगळ्यांना, वाईटही नाही, पण झाग्रेबमध्ये काहींना तो तिकडचा वाटतो. नवीन माणसानं बोक आणि दोबार दान वर राहावं.

हाक मारताना नाव बदलतं, घाबरू नका, संबोधन विभक्ती आपल्याकडेही आहे, मुला, मुलांनो, बायांनो. इकडे गोस्पोदिन म्हणजे साहेब, हाक मारताना गोस्पोदिने. गोस्पोजा म्हणजे बाई, हाक मारताना गोस्पोजो. इवान येतो, पण हाक 'इवाने!'. माझ्या नवऱ्याचं नाव सचिन, ऑफिसात त्याला 'सचिने!' म्हणून हाक मारतात आणि घरी आल्यावर मीपण मारते. एकूण सात विभक्त्या, शाळेत मुलं त्या प्रश्नांसकट तालात म्हणतात, आपल्या स-ला-ते सारख्या, त्यामुळे भीती वाटायचं कारण नाही, आपण आठ घोकून मोठे झालोय.

आणि फोन. बोलणं संपलं तरी फोन संपत नाही. "आइदे, चुयेमो से." "मोझे, आइदे." "पोझ्द्रावि सचिना", सचिनला विचारलंय म्हणून सांग. "होचु, ह्वाला, ताकोजेर." "आइदे, बोक." "बोक, बोक." "आइदे, बोक, बोक, बोक." चल ठेवते, हो चल, बरं चल, ठेव ना, तू ठेव. शेवटचा बोक कुणी म्हणायचा हे ठरलेलं नाही, माझ्या अनुभवात जो आधी फोन चार्जिंगला लावायला जातो तो.